‘स्वयंसेवक’ हा शब्द खोटा आहे : होम्सबर्ग तुरुंगातील त्वचाप्रयोगांचा इतिहास

१/
अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात शेकडो कैद्यांच्या पाठींवर अत्तरे, दुर्गंधीनाशके, शाम्पू, मलमे आणि त्यांतील कच्ची रसायने तपासली जात होती. वैद्यकीय नियतकालिकांतील शोधनिबंधांत या माणसांचा उल्लेख ‘स्वयंसेवक’ असा आहे. हा शब्द तेथे का बसत नाही आणि तो अजूनही का वापरला जातो, याचा हा धागा.

२/
प्रथम चाचणीविषयी. एखादा पदार्थ त्वचेला सोसतो की नाही हे पाहण्याची ‘पॅच टेस्ट’ ही पद्धत जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली. संशयित पदार्थ कापडावर घेऊन त्वचेवर चिकटवायचा, एकदोन दिवस तसाच ठेवायचा, मग पट्टी काढून लाली, सूज किंवा फोड येतात का ते पाहायचे. रोग्याला कशाची ॲलर्जी आहे हे शोधण्यासाठी ती जन्मली. म्हणजे मुळात ती रोग्याच्या हिताची चाचणी होती.

३/
सौंदर्यप्रसाधनांच्या कारखानदारीने तिचा हेतू बदलला. आता प्रश्न रोग्याचा राहिला नाही, मालाचा झाला : हा माल हजारो लोकांनी वापरला तर त्यांतील कितींना त्रास होईल? या प्रश्नासाठी रोगी नको होता. निरोगी त्वचा हवी होती, तीही पुष्कळ आणि पुन:पुन्हा तपासता येईल अशी.

४/
हा प्रश्न निरर्थक होता असे कोणी म्हणू नये. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता. त्यातील रसायनाने काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा मृत्यू झाला. तेव्हाच्या कायद्याला प्रसाधने ठाऊकच नव्हती, त्यामुळे सरकार तो माल जप्तही करू शकत नव्हते. १९३८ च्या कायद्याने प्रसाधने प्रथमच सरकारी देखरेखीखाली आली. चाचणी न झालेल्या मालाची किंमत शेवटी ग्राहकच मोजतो, हा धडा खरा आहे.

५/
परंतु चाचणी आवश्यक आहे, एवढे सिद्ध झाल्याने ती कोणाच्या देहावर व्हावी हे ठरत नाही. होम्सबर्गच्या समर्थनाची सारी इमारत ही दोन विधाने एकच मानण्यावर उभी आहे. ती वेगळी केली की समर्थनाला आधार उरत नाही.

६/
होम्सबर्गचा तुरुंग १८९६ मध्ये सुरू झाला. मध्यभागी एक गोलाकार चौक आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघणाऱ्या कोठड्यांच्या रांगा, अशी त्याची रचना. त्याची कीर्ती आधीच वाईट होती. १९३८ मध्ये उपोषण करणाऱ्या कैद्यांना वाफेच्या नळ्यांनी तापवलेल्या कोठड्यांत कोंडले गेले आणि त्यांतील चौघे मेले. १९५१ मध्ये याच तुरुंगात पायाच्या बुरशीची साथ पसरली. औषधोपचारासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांना बोलावण्यात आले.

७/
त्या पहिल्या भेटीत काय वाटले, हे क्लिगमन यांनी पुढे १९६६ मध्ये एका वृत्तपत्राला स्वतःच सांगितले. समोर आपल्याला एकरच्या एकर त्वचा दिसली आणि सुपीक शेत प्रथमच पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे वाटले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ही उपमा जिभेवरून निसटलेली नव्हती. प्रयोगांना पंधरा वर्षे झाल्यावर, प्रतिष्ठेच्या शिखरावर असताना, अभिमानाने दिलेली ती उपमा आहे. शेतकरी निदान स्वतःच्या जमिनीत पेरतो. येथे जमीन दुसऱ्याच्या देहाची होती आणि पीक तिसऱ्याच्या घरी जाणार होते.

८/
बंदिस्त माणसे त्यांना नवी नव्हती. केसांतील गजकर्णावरील त्यांचा एक शोधनिबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रयोगांसाठी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या सरकारी संस्थेतील मुलांना मुद्दाम बुरशीचा संसर्ग करण्यात आला होता. मुले असोत वा कैदी, दोघांत एक गोष्ट समान होती : ती उठून निघून जाऊ शकत नव्हती, आणि त्यांच्या वतीने तक्रार करील असे बाहेर कोणी नव्हते.

९/
तुरुंगात प्रयोगशाळा थाटली गेली. प्रसाधन व औषध कंपन्या तेथे माल पाठवू लागल्या. कैद्याच्या पाठीवर चौकोनी पट्ट्यांच्या ओळी लावल्या जात, काही ठिकाणी वर प्रखर दिव्याचा प्रकाश पाडला जाई. पट्ट्या निघाल्यावर पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटत. काहींच्या पाठीवर ते कायमचे राहिले. सुटून आलेल्या माणसाने सदरा काढला की तो कोठे होता हे फिलाडेल्फियात ओळखू येई.

१०/
या चाचण्यांतील एक नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात ‘सुरक्षा’ या शब्दाचा खरा अर्थ दिसतो. क्लिगमन यांनी १९६६ मध्ये ‘मॅक्सिमायझेशन टेस्ट’ प्रसिद्ध केली. तिच्यात शाम्पूत फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटने आधी त्वचा मुद्दाम चिडवायची, मग त्याच जागी संशयित पदार्थ ४८ तासांच्या बंद पट्टीत ठेवायचा, आणि हे पाच वेळा करायचे. थोड्या माणसांत शक्य तितकी ॲलर्जी उत्पन्न व्हावी, हाच या पद्धतीचा हेतू होता.

११/
ॲलर्जी म्हणजे घटकाभराची खाज नव्हे. एकदा शरीराने एखाद्या रसायनाला शत्रू म्हणून ओळखले की ती ओळख बहुधा जन्मभर टिकते. पुढे साबण, रबर, रंग, औषध, कोणत्याही वस्तूत तेच रसायन आले की त्वचा पेटते. म्हणजे बाहेरच्या ग्राहकाला ॲलर्जी होऊ नये म्हणून आतल्या कैद्याला ती दिली जात होती. यालाच ‘सुरक्षा चाचणी’ म्हटले गेले. सुरक्षा कोणाची, हे त्या शब्दात सांगितलेले नाही.

१२/
आणि एकदा दार उघडल्यावर ते प्रसाधनांपुरते उघडे राहिले नाही. अमेरिकी लष्कराने मनावर परिणाम करणाऱ्या रसायनांच्या चाचण्या येथे करवून घेतल्या. १९६० च्या दशकाच्या मध्यास डाऊ केमिकल कंपनीसाठी क्लिगमन यांनी कैद्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन लावले. तणनाशकाच्या उत्पादनात तयार होणारा हा अतिविषारी पदार्थ आहे. दहा कैद्यांना तर कंपनीने सुचवलेल्या मात्रेच्या ४६८ पट मात्रा दिली गेली. शाम्पूच्या पट्टीपासून डायॉक्सिनपर्यंतचा हा रस्ता एकाच तुरुंगात आणि एकाच डॉक्टरांच्या हाताखाली पार झाला. प्रत्येक टप्प्यावर कैदी ‘स्वयंसेवक’च होता.

१३/
आता त्या शब्दाकडे. मराठीत ‘स्वयंसेवक’ म्हटले की वारीत पाणी वाटणारा, पुरात धावून जाणारा, आंदोलनात स्वतःहून तुरुंगात जाणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. या शब्दाला दोन पाय आहेत : स्वयं आणि सेवा. काम स्वतःच्या इच्छेने केलेले असावे आणि ते कोणाच्या तरी भल्यासाठी आहे हे करणाऱ्याला ठाऊक असावे. होम्सबर्गमध्ये यांपैकी काय होते, ते एकेक करून पाहावे.

१४/
आधी ‘स्वयं’. होम्सबर्गमधील पुष्कळ माणसे शिक्षा झालेली नव्हती. ते कच्चे कैदी होते, खटल्याची वाट पाहणारे, जामिनाची रक्कम नसल्याने आत अडकलेले. तुरुंगातील नेहमीच्या कामाची मजुरी दिवसाला काही सेंट. पट्ट्या लावून घेतल्या तर काही डॉलर, मोठ्या प्रयोगात त्याहून पुष्कळ अधिक. या पैशातून साबण, सिगारेट, वकील किंवा जामीन मिळू शकत असे. ज्याची सुटका पैशावर अडली आहे, त्याच्यापुढे पैसे मिळवण्याचा एकच मार्ग ठेवायचा आणि त्याने तो धरला की त्याला ‘निवड’ म्हणायचे. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला या निवडीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१५/
कैद्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे होते, आणि प्रयोगांच्या पैशाने तुरुंगाच्या आतले जगही नासले. १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या तुरुंगांतील लैंगिक अत्याचारांची अधिकृत चौकशी झाली. तिच्या अहवालात या प्रयोगांच्या पैशाचा उल्लेख आहे : ज्या कैद्यांच्या हाती तो येई, त्यांना इतरांवर सत्ता गाजवता येई. म्हणजे ‘स्वेच्छे’ची ही बाजारपेठ इतरांच्या असहायतेवरही पोसली जात होती.

१६/
आता ‘सेवा’. सेवा करणाऱ्याला आपण काय करत आहोत हे ठाऊक असावे लागते. पुढे बोलू लागलेल्या माजी कैद्यांनी सातत्याने एकच गोष्ट सांगितली : पट्टीखाली काय आहे, ते कोणासाठी आहे, त्याचा पुढे काय परिणाम होईल, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सह्या घेतल्या गेल्या. पण ज्या कागदावर प्रयोगापेक्षा संस्थेची जबाबदारी झटकण्याला अधिक जागा होती, तो कागद संमतीचा नव्हता. आपण डायॉक्सिन अंगावर घेत आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने डायॉक्सिनला संमती दिली असे म्हणता येत नाही.

१७/
येथे नेहमीचा बचाव येतो : त्या काळाची रीतच तशी होती, आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजू नये. क्लिगमन यांनीही १९९८ मध्ये हेच सांगितले, आणि कोणाचेही दीर्घकालीन नुकसान झाले नाही असेही म्हटले. या बचावात एक अंश सत्य आहे. अमेरिकेत तुरुंगांतील चाचण्या सर्रास चालत. १९७२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनातील अधिकाऱ्यांचा अंदाज होता की नव्या औषधांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रथम कैद्यांवर तपासली जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा बचाव गंभीरपणे घ्यावा, आणि मग तारखा तपासाव्यात.

१८/
१९४७ : न्युरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल. न्यायाधीश अमेरिकी. त्या निकालातील संहितेचे पहिलेच कलम असे की प्रयोगाच्या विषयाची स्वेच्छासंमती अपरिहार्य आहे, आणि ती जबरदस्ती, फसवणूक व दडपण यांपासून मुक्त असली पाहिजे. १९५१ : क्लिगमन होम्सबर्गमध्ये. मधले अंतर चार वर्षांचे. म्हणजे ‘आजचे माप’ कालच, अमेरिकनांनीच, लिहून ठेवले होते. ते जर्मनांना लागू केले आणि फिलाडेल्फियाला केले नाही, इतकेच.

१९/
आणखी दोन तारखा. १९६६ मध्ये हार्वर्डचे डॉ. हेन्री बीचर यांनी एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतीलच २२ अनैतिक प्रयोगांची उदाहरणे मांडली. त्याच वर्षी अन्न व औषध प्रशासनाने क्लिगमन यांच्या नोंदींतील विसंगतींमुळे त्यांना औषधचाचण्यांपासून दूर केले. काही आठवड्यांत ही बंदी उठली. काळाला काही कळत नव्हते, हे खरे नाही. कळत होते, बोलले जात होते, कारवाईही झाली होती, आणि ती मागे घेतली गेली.

२०/
तुरुंगातील ‘स्वयंसेवक’ हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगचा कहर असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. गुलाम देशाच्या तुरुंगातील स्वेच्छा किती मोकळी, हा प्रश्न तेथेही विचारलाच पाहिजे. तरी फरक डोळ्यांत भरतो. हाफकिन यांनी ती लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि जो रोग ती रोखणार होती तो त्या तुरुंगातच शिरला होता. होम्सबर्गच्या कैद्याला अत्तराच्या चाचणीतून कोणत्या मरणापासून वाचवले जाणार होते?

२१/
पीक मात्र भरघोस आले. व्हिटॅमिन ‘ए’पासून बनणारे ट्रेटिनॉइन मुरुमांवर गुणकारी आहे, हे क्लिगमन यांनी दाखवले आणि १९७१ मध्ये ‘रेटिन-ए’ला मान्यता मिळाली. पुढे तेच द्रव्य सुरकुत्यांवरील मलम म्हणूनही गाजले. औषध खरोखर उपयोगी आहे आणि आजही वापरात आहे. त्यातून क्लिगमन आणि विद्यापीठ या दोघांना मोठे उत्पन्न मिळाले. ज्यांच्या त्वचेवर या संशोधनाचा पाया घातला गेला, त्यांना पट्टीचे काही डॉलर मिळाले होते. तेवढ्यावर त्यांचा हिशेब संपला होता.

२२/
हे प्रयोग थांबले ते प्रयोगकर्त्यांच्या विवेकामुळे नव्हे. १९७२ मध्ये टस्कीगी येथील सिफिलिसचा प्रयोग उघड झाला : शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना चाळीस वर्षे उपचाराविना ठेवले गेले होते. पत्रकार जेसिका मिटफर्ड यांनी १९७३ मध्ये तुरुंगांतील चाचण्यांवर लिहिले. सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. १९७४ मध्ये होम्सबर्गची प्रयोगशाळा बंद झाली, आणि १९७८ च्या नियमांनी सरकारी निधीतून कैद्यांवर होणाऱ्या संशोधनाला कडक मर्यादा घातल्या. बाहेरून प्रकाश पडेपर्यंत आतून कोणी दिवा लावला नाही.

२३/
त्यानंतर दीर्घ मौन. १९७० च्या दशकाच्या आरंभी होम्सबर्गमध्ये कैद्यांना लिहावाचायला शिकवण्यासाठी गेलेल्या ॲलन हॉर्नब्लम यांनी अंगभर पट्ट्या लावलेली माणसे पाहिली होती. त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले. त्याचे नावच क्लिगमन यांच्या त्या एकरभर त्वचेच्या उद्गारावरून घेतलेले आहे. २००० मध्ये सुमारे ३०० माजी कैदी न्यायालयात गेले. मुदत टळली, या कारणाने दावा फेटाळला गेला. ज्यांना आपल्यावर काय लावले हे कधी सांगितलेच नाही, त्यांनाच विचारले गेले की तक्रार करायला इतका उशीर का.

२४/
क्लिगमन २०१० मध्ये वारले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये क्षमा मागितली आणि त्यांच्या नावाची व्याख्यानमाला बंद केली. फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये क्षमा मागितली. प्रयोग बंद होऊन तोवर ४८ वर्षे झाली होती. या काळात कितीतरी माजी कैदी ती क्षमा न ऐकताच गेले.

२५/
काहींना वाटेल, ही सारी जुनी गोष्ट. आज नियम आहेत, नैतिकता समित्या आहेत, माहिती देऊन घेतलेली संमती आहे, चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आहे. हे खरे आहे आणि मोलाचे आहे. पण प्रत्येक नियमामागे ज्याच्यावर अन्याय झाला असा एक माणूस उभा आहे. त्याला विसरून नियम पाळले की ते फक्त भरायचे अर्ज उरतात.

२६/
आणि प्रश्न संपलेला नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये आणि भारताने २०१४ मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांना आपली दारे बंद केली. हे योग्यच झाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेवर पुष्कळ काही तपासता येते. तरी शेवटची पट्टी माणसाच्या पाठीवरच लागते : प्रचलित पद्धतीत तीन आठवड्यांत नऊ पट्ट्या, मग सुमारे दोन आठवडे विश्रांती, मग नव्या जागी अखेरची पट्टी. प्राण्यांवर चाचणी केली नाही हे सांगायला वेष्टनावर सशाचे चित्र असते. माणसाला कसे वागवले, हे सांगणारे चित्र अजून कोणी काढलेले नाही.

२७/
म्हणून ‘त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेले’ हे शब्द दिसले की पुढचे प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कोणावर तपासले? त्याला काय सांगितले होते? त्याला नाही म्हणता आले असते का, आणि नाही म्हटल्यावर त्या दिवशी त्याची चूल पेटली असती का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर ‘स्वयंसेवक’ हा शब्द खुशाल वापरावा. तो तेथे शोभेल.

२८/
होम्सबर्गसाठी मात्र दुसरा शब्द वापरावा लागेल. ‘प्रयोगाचे विषय’ म्हणावे, ‘भाड्याने घेतलेले देह’ म्हणावे, किंवा सरळ ‘कैदी’ म्हणावे. ट्रेटिनॉइनचा इतिहास लिहिताना शोधकर्त्याचे नाव लिहावे आणि त्याच वाक्यात तुरुंगाचेही लिहावे. शोधाचे श्रेय काढून घ्या, अशी ही मागणी नाही. ज्यांच्या पाठीवर तो शोध लागला त्यांना त्या वाक्यातून वगळू नका, एवढीच आहे.